ग्रीसमध्ये बोटीवरची निवांत सुट्टी: आयोनियन की छोटी सिक्लाडीज?

सँटोरिनी नको, मिकोनोस नको, क्रूझ तर अजिबातच नको, एक शिडाची बोट घेऊन आठवडाभर शांत बेटांमधून फिरायचंय असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासमोर फिरून फिरून दोन नावं येतात. एक पश्चिमेकडचा आयोनियन समुद्र, त्यातला दक्षिण भाग, म्हणजे लेफ्काडा, मेगानिसी, कालामोस, कास्तोस, इथाका आणि केफालोनियाचं वरचं टोक. दुसरं पूर्वेकडच्या एजियन समुद्रातली छोटी सिक्लाडीज, म्हणजे नाक्सोस आणि अमोर्गोसच्या मधे विखुरलेली इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसी, दोनुसा. मी दोन्हीकडे बोटीने फिरलोय आणि इथे जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी फेब्रुवारी-मार्च आला की हाच प्रश्न विचारतं, म्हणून यावेळी सगळं एकत्र लिहितोय.

एक गोष्ट धरून चालतो की तुम्हाला निवांतपणा हवाय. वाऱ्याशी झुंजायची हौस असेल तर हे सगळं तुमच्यासाठी उलटं वाचा. बोट चालवायचा परवाना तुमच्याकडे नसेल असंही धरतो, म्हणजे स्किपर घेणार. (परवाना असला तरी ग्रीसमध्ये स्वतः बोट चालवायला सोबत दुसरा एक जाणकार माणूस दाखवावा लागतो, त्यामुळे एकट्याच्या परवान्यावर फार भिस्त ठेवू नका.) स्किपरला एक झोपायची जागा द्यायची आणि त्याचं खाणंपिणं आपण बघायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

आधी दिसण्याबद्दल, कारण फोटो बघूनच बहुतेकांचं मन बनतं. इथे मी प्रामाणिकपणे सांगतो, पाण्याच्या बाबतीत छोटी सिक्लाडीज जिंकते. कुफोनिसीच्या पूर्वेकडच्या पोरीच्या किनाऱ्यावर पाण्याचा जो रंग आहे तो मला आयोनियनमध्ये कुठे दिसला नाही. बेटं उघडी, तपकिरी, झाडं जवळजवळ नाहीतच, पांढरी घरं आणि बाकी नुसता उजेड. समोर केरोस बेट. तिथे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या संगमरवरी मूर्तींचे ढिगाने तुकडे सापडले आणि अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला तो प्रसिद्ध बसलेला हार्पवादक तिथलाच. बेट राखीव आहे, दुरूनच बघायचं, पण बोटीच्या पुढच्या डेकवर बसून ते बघताना माणूस आपोआप गप्प होतो. दोनुसाला केड्रोसच्या खाडीत दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जहाजाचे अवशेष पाण्याखाली आहेत, मास्क लावून वरून पोहत गेलं तरी दिसतात.

आयोनियन हिरवा. पाइन, सायप्रस, ऑलिव्ह थेट पाण्यापर्यंत उतरलेले. ग्रीसच्या पश्चिम बाजूला हिवाळ्यात भरपूर पाऊस पडतो, त्याचा हा परिणाम. कोकणातला माणूस इथे पटकन रुळतो असं माझं निरीक्षण आहे, आमच्याबरोबर आलेल्या देवगडच्या वहिनींना कालामोस बघताक्षणी आवडलं आणि सिक्लाडीजच्या फोटोंवर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की सावली कुठाय. सावलीचा मुद्दा तसा छोटा वाटतो, पण जुलैत दुपारी दोन वाजता किनाऱ्यावर उतरल्यावर तो फार मोठा होतो.

अंतरं. इथे पारडं सरळसरळ झुकतं. लेफ्काडाच्या निद्रीहून निघालात तर मेगानिसीचं स्पार्तोखोरी चारेक नॉटिकल मैल, म्हणजे चहा करून तो पिऊन होईपर्यंत निम्मी वाट संपलेली. वाटेत स्कॉर्पिओस, ग्रीक जहाजमालक ओनासिसचं बेट, जिथे 1968 मध्ये त्याने जॅकी केनेडीशी लग्न केलं. लेफ्काडाच्याच सिवोटाहून केफालोनियाचं फिस्कार्डो दहा-अकरा मैल, कास्तोसहून इथाकाचं किओनी बारा-तेरा. बोट ताशी पाच-सहा मैल जाते, म्हणजे रोजचा प्रवास फार तर दोन-अडीच तास, बाकी दिवस पोहा, खा, झोपा. शिवाय एकीकडे लेफ्काडा आणि इथाका-केफालोनिया, दुसरीकडे मुख्य भूमी, यामुळे हा समुद्र बराचसा तलावासारखा राहतो, ज्यांना बोट लागते त्यांचाही इथे निभाव लागतो.

छोटी सिक्लाडीज, जरा लांबचं दोनुसा सोडलं तर, एकमेकांना अगदी चिकटून आहेत, तिथे पोचल्यावर अंतरं काहीच नाहीत. प्रश्न पोचण्याचा आहे. अथेन्सजवळच्या लाव्रिओहून बोट घेतली तर कुफोनिसी सरळ रेषेत मोजलं तरी ऐंशी मैलांच्या वर, म्हणजे जाण्यात दोन लांब दिवस आणि येण्यात दोन, मग सात दिवसांत उरलं काय? म्हणून पारोसहून बोट घ्यावी, तिथून तीसेक मैल पडतात, ते जमतं. पण पारोसला आधी फेरीने किंवा छोट्या विमानाने जायचं, सामान घेऊन. लाव्रिओ मात्र अथेन्स विमानतळापासून टॅक्सीने पाऊण तासाच्या आत. भारतातून थेट येणाऱ्यांना हा फायदा मोठा आहे हे मान्य करतो, कारण आयोनियनसाठी अथेन्सला उतरलात तर लेफ्काडाला बसने पाचेक तास काढावे लागतात. युरोपात राहणाऱ्यांना उन्हाळ्यात प्रेवेझाला थेट विमानं असतात आणि तिथून लेफ्काडा अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे आमच्यासारख्यांचं गणित वेगळं आहे.

आता वारा. खरं तर सगळी तुलना इथेच आहे, बाकी सगळं मी तोंडी लावायला सांगितलं.

एजियनमध्ये साधारण जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मेल्तेमी वाहतो. उत्तरेचा वारा, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जोरात, पाच-सहा बोफर्ट (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) तर नेहमीचंच, सात होतो, कधी आठही. प्राचीन ग्रीकांनाही तो दरवर्षीचा पाहुणा म्हणून माहीत होता, अ‍ॅरिस्टॉटलने त्याच्याबद्दल लिहिलंय. हा येतो कुठून हे समजल्यावर मला फार गंमत वाटली. उन्हाळ्यात बाल्कनच्या बाजूला हवेचा दाब जास्त असतो आणि तुर्कस्तानच्या बाजूला कमी, आणि हा कमी दाबाचा पट्टा इराणच्या आखातावरून पुढे थेट आपल्या मान्सूनच्या कमी दाबाला जोडलेला असतो. म्हणजे जुलैत सह्याद्रीवर पाऊस ओतत असतो त्याच मोठ्या व्यवस्थेचं एक टोक तिकडे एजियनवर कोरड्या स्वच्छ आभाळात वारा होऊन वाहत असतं. ढग नाही, पाऊस नाही, आभाळ निळंशार, फोटोत काहीच कळत नाही आणि समुद्र मात्र पांढरा झालेला.

लोक मेल्तेमीची चर्चा करतात ती लाटा आणि धोका याबद्दल. तो धोका स्किपर चांगला असेल तर आटोक्यात राहतो, बरेच चार्टरवाले, म्हणजे बोट भाड्याने देणारे, जोराचा वारा असला की बंदरातच थांबा म्हणून सांगतातही. मला ज्याने खरा वैताग आणला तो प्रकार वेगळा आहे आणि त्याबद्दल कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं. मेल्तेमी रात्री थांबतोच असं नाही.

म्हणजे कसं, आपल्याला किनाऱ्याच्या वाऱ्याची जी सवय आहे, दुपारी खारे वारे, रात्री मतलई वारे, मधे संध्याकाळी सगळं पडतं, तसं मनात धरून आम्ही संध्याकाळी वारा पडायची वाट बघत बसलो. सूर्य गेला, जेवण झालं, अकरा वाजले, वारा तसाच. स्खिनुसाच्या दक्षिणेकडच्या एका खाडीत नांगर टाकला होता, आडोशाला, लाटा नव्हत्याच, पण डोंगरावरून वाऱ्याचे झोत खाली उतरत होते, दोन मिनिटं शांत आणि मग धाडकन एक झोत, बोट नांगरावर एका बाजूला खेचली जायची, साखळी दगडावरून घासल्याचा आवाज थेट उशीखालून यायचा आणि मग बोट परत दुसरीकडे. शीड वर ओढायच्या दोऱ्या डोलकाठीवर टक टक टक टक वाजायला लागल्या, स्किपरने उठून त्या बाजूला ताणून बांधल्या, तो आवाज गेला तर तारांमधून शीळ सुरू झाली. शेजारच्या बोटीचा नांगर सुटला, ती सरकत आमच्याकडे यायला लागली, मग टॉर्च, आरडाओरडा, आमचा स्किपर फेंडर (दोन बोटी आपटू नयेत म्हणून मधे धरायची उशी) घेऊन पुढे उभा. आमची धाकटी रडायला लागली. बायकोने सकाळी विचारलं की आज रात्री हॉटेलात राहता येईल का, आणि तो प्रश्न अगदी रास्त होता.

असं एकदा झालं तर माणूस विसरतो, किस्सा म्हणून सांगतो. पण मेल्तेमी आला की बहुतेकदा दिवसचे दिवस राहतो, त्यामुळे दुसऱ्या रात्रीही तेच, तिसऱ्याही रात्री तेच. चार रात्री नीट झोप नाही म्हटल्यावर कुफोनिसीचं पाणी कितीही सुंदर असलं तरी त्यात उतरायचा उत्साह राहत नाही, सगळे एकमेकांवर चिडचिड करतात, मुलं पेंगतात. सुट्टी निवांत व्हायची असेल तर रात्रीची झोप हवी, आणि बोटीवरची झोप वाऱ्याच्या हातात असते. हॉटेलात वारा सुटला तर खिडकी लावता येते, बोटीला खिडकी लावून काही होत नाही.

त्यात परतीची तारीख. बोट शनिवार ते शनिवार मिळते आणि शुक्रवारी संध्याकाळी तळावर आणून उभी करायची असते. सिक्लाडीजमध्ये जाताना बहुतेक दक्षिणेकडे, म्हणजे वारा पाठीवर, मजेत जातो. येताना उत्तरेकडे, सरळ वाऱ्याच्या तोंडावर. म्हणून मंगळवार-बुधवारपासूनच स्किपर फोनवर हवामान बघत बसतो, गुरुवारी निघू की आजच निघू, आणि ती चिंता हळूहळू सगळ्या बोटीवर पसरते. बोट दुसऱ्याच बेटावर सोडून फेरीने यावं लागलं तर त्याचा खर्च वेगळा लागतो, तेव्हा करार नीट वाचा.

आयोनियनमधला वारा याच्या बरोबर उलट स्वभावाचा. त्याला माइस्त्रो म्हणतात, वायव्येचा, उन्हाळ्यात सकाळी जवळजवळ काही नसतं, बारा-एकला हळूच उठतो, तीन-चारला छान भरतो आणि सूर्य मावळता मावळता पडतो. म्हणजे शिडं भरायला रोज तीन-चार तास आणि रात्री आरसा. कास्तोसच्या छोट्या बंदरात, मेगानिसीच्या आबेलिकेच्या खाडीत, नऊ वाजता जेवायला डेकवर बसायचं आणि मेणबत्ती लावली तर ती जळत राहायची, एवढं सांगितलं तर मला वाटतं पुरेसं आहे. अर्थात नेहमीच असं असेल असं नाही म्हणत मी. निद्रीच्या बाजूला आणि मुख्य भूमीच्या जवळ कधीकधी रात्री डोंगरावरून वारा उतरतो, इथाकाच्या वाथीच्या उपसागरात दुपारी चांगले झोत येतात, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात वादळी पावसाची शक्यता असते. 2020 च्या सप्टेंबरमध्ये इयानोस नावाचं वादळ याच भागावर आलं होतं आणि केफालोनिया-इथाकाला बरंच नुकसान झालं. पण ते सगळं अपवादात, रोजचं नाही.

आयोनियनचेही त्रास आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात मोठा म्हणजे गर्दी. वारा सौम्य म्हणून नवशिके सगळे इथेच, दहा-बारा बोटींचे ताफे एकत्र फिरतात, आणि फिस्कार्डोला जुलैत दुपारी एकनंतर धक्क्यावर जागा मिळाली तर नशीब. 1953 च्या भूकंपात केफालोनिया जवळजवळ सगळं पडलं पण फिस्कार्डो वाचलं, जुनी व्हेनिसच्या काळातली घरं तशीच उभी आहेत, त्यामुळे सगळ्यांना तिथेच रात्र काढायची असते. माझं मत असं की फिस्कार्डो सकाळी दहाला जाऊन बघावं, कॉफी घ्यावी, आणि बाकीच्या बोटी यायच्या आत निघावं. ग्रीसमध्ये बोट धक्क्याला पाठीमागून लावतात, पुढे स्वतःचा नांगर टाकून, त्यामुळे गर्दीच्या बंदरात सकाळी निघताना एकाची साखळी दुसऱ्याच्या साखळीवर आलेली असते, मग अर्धा तास सोडवासोडव. तेही चालतं, कारण ते दिवसाउजेडी होतं आणि रात्रीची झोप झालेली असते.

दुसरं, सकाळी वारा नाही म्हणजे इंजिन लावावं लागतं, ज्यांना शुद्ध शिडाचा प्रवास हवा त्यांना हे आवडत नाही. तिसरं, ऑगस्टअखेर गांधीलमाश्या, ताटातल्या माशावर येऊन बसतात, खानावळीवाले वाटीत कॉफीची पूड जाळून टेबलावर ठेवतात, तेवढ्याने थोडा फरक पडतो.

आणि शांत बेटं म्हणाल तर ती आयोनियनमध्ये आहेतच, फक्त ताफ्यांचा रस्ता सोडून बघायला हवं. कास्तोसवर एक छोटं गाव आणि कायम राहणारी माणसं शंभराच्याही आत. कालामोसच्या दक्षिणेला पोर्तो लिओने नावाचं गाव आहे, त्याच 1953 च्या भूकंपानंतर लोक सोडून गेले, घरांच्या भिंती, ऑलिव्हची झाडं आणि एक चर्च उरलंय. खाडीत नांगर टाकून पोहत किनाऱ्याला जायचं आणि त्या घरांमधून चालून यायचं. छोट्या सिक्लाडीजमधला एकांत मला मोकळा, उघडा वाटतो, इथला एकांत आडोशाचा आहे, आणि मुलं-म्हातारी माणसं बरोबर असताना आडोसा बरा, असं आपलं मला वाटतं.

जेवणाचं फार लिहीत नाही, शाकाहारी लोकांना दोन्हीकडे उपाशी राहावं लागत नाही. स्खिनुसाची फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल, आमच्या आईंना इतकी आवडली की रोज मागवायच्या. लेफ्काडाच्या डोंगरात एंग्लूवी गावची मसूर प्रसिद्ध आहे, तिचं सूप मिळालं तर सोडू नका. भरलेल्या भोपळी मिरच्या-टोमॅटो, भाजलेले मोठे पांढरे बीन्स, रानातली उकडलेली पालेभाजी, हे सगळीकडे. आयोनियनमध्ये एक जास्तीची सोय अशी की बऱ्याच खानावळींचे स्वतःचे छोटे धक्के असतात, रात्री तिथे जेवलात तर बोट लावायचे पैसे घेत नाहीत, पाणीही बऱ्याच ठिकाणी भरून मिळतं. छोट्या सिक्लाडीजमध्ये मुळात पाण्याचीच टंचाई, त्यामुळे बोटीवर अंघोळ हिशोबात करावी लागते.

मग छोटी सिक्लाडीज बघायचीच नाही का? जरूर बघा, पण बोटीने कशाला, असं मी आता सगळ्यांना सांगतो. नाक्सोसहून स्कोपेलितिस नावाची छोटी फेरी निघते, इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसी, दोनुसा करत अमोर्गोसला जाते. कुफोनिसीला खोली घ्या, बेट एवढंसं आहे की पायी सगळे किनारे होतात, अमोर्गोसला कड्याला चिकटलेला होझोविओतिसाचा मठ बघा. वारा सुटला तर सुटू दे, तुमची खोली हलत नाही. छोट्या सिक्लाडीजमधलं जे सगळ्यात चांगलं आहे ते किनाऱ्यावरून पूर्ण मिळतं. आयोनियनचं तसं नाही, तिथल्या निम्म्या चांगल्या खाड्यांना रस्ताच नाही, तिथे बोट नसेल तर काही दिसतच नाही.

ज्यांना तरीही एजियनमध्येच बोट हवी त्यांनी मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात जावं, मेल्तेमी तेव्हा सहसा सुरू झालेला नसतो, पाणी थोडं गार असतं एवढंच. त्या दिवसांत माझं मत इतकं ठाम राहणार नाही. मुलांच्या शाळेमुळे जुलै-ऑगस्टच हातात असेल तर मात्र मी दुसरा विचार करणार नाही. अथेन्सच्या जवळच हवं असेल तर एजिना-पोरोस-हायड्रा हा भाग मेल्तेमीच्या तडाख्यातून बराच सुटतो, हायड्रावर गाड्याच नाहीत, पण शनिवार-रविवारी अर्धं अथेन्स तिथे असतं, त्यामुळे शांत बेटांच्या यादीत मी ते धरत नाही.

आयोनियन ठरलं तर जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे बघा. बोट लेफ्काडाच्या मरीनामधून किंवा निद्रीहून घ्या, प्रेवेझाहून घेतली तर कालव्यातून यावं लागतं आणि लेफ्काडाचा तरंगता पूल उघडायची वाट बघत थांबावं लागतं, पहिल्याच दिवशी तेवढा वेळ जातो. स्किपरशी आधी फोनवर बोला आणि त्याला स्पष्ट सांगा की रोज तीन तासांपेक्षा जास्त प्रवास नको, दुपारी दोनच्या आत नांगर पडायला हवा. तरुण स्किपरना लांब मारायची हौस असते, आधी सांगितलं की ते ऐकतात. आणि पहिली रात्र शक्यतो मेगानिसीला काढा, शनिवारी बोट हातात यायलाच पाच वाजतात, त्यानंतर त्याच्या पुढे जायला उजेड पुरत नाही.